पायाखालची जमीन : जुन्नर-आंबेगावच्या घरांतील भुईचा व फरशीचा इतिहास

देवळाचा जीर्णोद्धार म्हटला की सर्वांच्या माना वर जातात. शिखर किती फुटांचे होणार, कळस कोणी दिला, रंग कोणता, याची चर्चा पारावर महिनोन्‌महिने चालते. पायाखालच्या जमिनीला सहसा कोणी विचारीत नाही. आपल्या मंदिराच्या कामात मात्र उलटे घडले. शिखराचा आराखडा एका बैठकीत मान्य झाला आणि सभामंडपाच्या फरशीवरून चार बैठका झाल्या. कोणी संगमरवर सुचविला, कोणी काळा ग्रॅनाइट. मुंबईकर मंडळींनी आपल्या खोल्यांत बसविल्या आहेत तशा चकचकीत टाइल्सचा आग्रह धरला. वडीलधारी माणसे ‘आहे ती शहाबादी काय वाईट आहे?’ एवढेच विचारीत राहिली. स्मरणिका समितीने मजकडे लेख मागितला तेव्हा म्हणूनच हा विषय घेतला. घराची जमीन कशी निवडावी, कशी करावी आणि बिघडली तर कशी दुरुस्त करावी, याचे ज्ञान आपल्या दोन्ही तालुक्यांत फार जुने आहे. ते ग्रामस्थ व देणगीदार बंधुभगिनींपुढे ठेवीत आहे.

आरंभी शब्दांचा थोडा विचार करू. ‘भुई’ हा आपला जुना शब्द, संस्कृत भूमीपासून आलेला. ‘जमीन’ आणि ‘फरशी’ हे दोन्ही फारसीतून आले. आजही आपल्या बायाबापड्या ‘भुई सारवली’ म्हणतात, पण ‘फरशी पुसली’ म्हणतात. भुई करावयाची व सारवावयाची, तर फरशी आणावयाची आणि पुसावयाची. या दोन क्रियापदांतच या लेखाचा बराचसा इतिहास आला आहे.

आपल्या भागातील सर्वांत जुनी भुई पाहावयाची तर घोड नदीच्या काठाने खाली जावे लागते. भीमाशंकरच्या डोंगररांगेत उगम पावून आंबेगाव तालुक्यातून वाहणारी घोड पुढे शिरूर तालुक्यात जाते व आपली कुकडीही तिला तिकडेच मिळते. या घोडनदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून अनेक हंगाम उत्खनन केले. डॉ. हसमुख सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर, डॉ. अन्सारी अशी नामवंत मंडळी त्या कामात होती. तेथे इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची वस्ती सापडली. मातीच्या बुटक्या भिंती, वर कुडाचे काम आणि आत चोपून घट्ट केलेली मातीची जमीन, अशी ती घरे होती. धान्य साठविण्याच्या बळदांना आतून चुन्याचा गिलावा दिलेला होता. म्हणजे चुना माहीत होता, परंतु राहत्या घरात पायाखाली त्यांनी मातीच पसंत केली होती.

त्या जमिनींच्या खाली आणखी एक गोष्ट सापडली, आणि ती वाचताना आजही मन हेलावते. लहान मूल दगावले तर ते लोक त्याला गावाबाहेर नेत नसत. मातीचे दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवीत, त्यात मुलाला निजवीत आणि घरातच, भुईखाली पुरीत. वर पुन्हा माती घालून, चोपून त्याच जमिनीवर चूल पेटत असे. आपल्या घराची भुई म्हणजे केवळ चालण्याची जागा नव्हे, ही जाणीव तीन हजार वर्षांपूर्वी या नदीखोऱ्यात होती, असे म्हणावयास हरकत नाही.

त्यानंतर सातवाहन काळ आला आणि जुन्नरचे नाव दूरदेशी गेले. नाणेघाटातून कोकणच्या बंदरांकडे जाणारा व्यापार येथून चाले. शिवनेरी, मानमोडी, तुळजा आणि गणेश लेणी, म्हणजे आपली लेण्याद्री, या डोंगरांत मिळून दोनशेच्या वर लेणी कोरली गेली. त्यांचे खांब व चैत्य पाहण्यास लोक येतात, पण पायाखाली सहसा कोणी पाहत नाही. लेण्याची जमीन ही मागाहून घातलेली नसते. डोंगर कोरीत कोरीत वरून खाली यावयाचे आणि शेवटी जो कातळ सपाट उरेल तीच जमीन. तेथे छिन्नी चुकली तर भर घालता येत नाही. लेण्याद्रीच्या ज्या लेण्यात गिरिजात्मज विराजमान आहे, तो विहार तर एकही मधला खांब न ठेवता कोरलेला. एवढ्या मोठ्या दालनाची जमीन सपाट राखणाऱ्या त्या पाथरवटांजवळ दोरी, पाणी आणि डोळा याखेरीज फारसे काय असणार?

या लेण्यांतील शिलालेख आजच्या देणगीदारांनी अवश्य जाणून घ्यावेत. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले. इरिल नावाच्या यवनाने दोन टाकी दिली, चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला. बुरूड व कासार यांच्या श्रेणींकडे ठेव ठेवून व्याजातून खर्च चालविण्याची सोयही कोणी करून ठेवली. त्यांनी दिलेल्या वस्तू पाहा. टाके, खोली, जेवणाची जागा, म्हणजे जेथे माणूस बसतो, उठतो, पाणी पितो ते. आणि नावे कोरली ती भिंतीवर. या मुद्द्याकडे आपण पुढे पुन्हा येणार आहोत.

आता गोरगरिबांच्या घराकडे वळू. आपल्या पंचक्रोशीत मातीची भुई करण्याची पद्धत अशी. जोत्यात आधी दगडगोटे व मुरूम भरावयाचा, त्यावर पाणी मारून धुम्मसाने ठोकावयाचा. उंदरांचा उपद्रव असेल तेथे मुरमात फुटक्या काचा टाकावयाच्या. वर गाळलेली माती. काळी माती कोणी वापरीत नसे, कारण ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. जुन्या पांढरीची माती किंवा तांबूस मुरमाड माती उत्तम. तीत भुसा व शेण घालून पायाने तुडवावयाची, एक-दोन दिवस मुरू द्यावयाची आणि चार बोटे जाड थर पसरून लाकडी चोपण्याने चोपावयाची. चोपणे एका दिवसाचे काम नव्हे. माती अर्धवट वाळली की पुन्हा पाणी शिंपडावयाचे व पुन्हा चोपावयाचे. आळीतल्या आयाबाया जमून हे काम करीत. शेवटी शेणाचे सारवण. पश्चिमेकडे, नाणेघाट ते भीमाशंकर या पट्ट्यात महादेव कोळी व ठाकर बांधवांची कुडाची घरे आहेत. तेथे पाऊस एवढा की भुई वर्षभर टिकतच नाही. म्हणून पावसाळा संपला, भात झोडून झाले की ती नव्याने करण्याची रीतच पडून गेली होती.

या भुईचे गुण सांगणारे आज पुष्कळ झाले आहेत. ती उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात उबदार, गुडघ्यांना मऊ. पडलेले भांडे फुटत नाही. पाणी सांडले तर पिऊन टाकते. हे सारे खरे आहे. परंतु सारवणाची स्तुती करणाऱ्यांपैकी किती जणांनी स्वतः ओणवे होऊन पाच खणांचे घर सारवले आहे, हे विचारणे अगत्याचे वाटते. दर आठ-पंधरा दिवसांनी, शिवाय सणावाराला, पाहुण्याला, सुतक फिटल्यावर, गाईगुरांमागे शेण गोळा करून पाण्यात कालवून बोटांची अर्धवर्तुळे उमटवीत माजघरापासून ओट्यापर्यंत यावयाचे. पुन्हा अंगणात सडा. हे काम घरातल्या सासुरवाशिणीचे, आणि त्याची मजुरी कोणी धरीत नाही. घरात फरशी आली तेव्हा पुरुषांनी प्रतिष्ठा म्हणून ती मिरवली असेल, बायकांनी मात्र कंबर सरळ झाली म्हणून आनंद मानला.

आरोग्याचाही प्रश्न आहे. मातीच्या जमिनीवर रांगणाऱ्या मुलाच्या पोटात जंत जाण्याचा धोका अधिक. मेक्सिको देशातील कोआविला राज्यात २००० साली सरकारने ‘पिसो फिर्मे’, म्हणजे ‘पक्की जमीन’, नावाची योजना काढली. गरीब कुटुंबांना पन्नास चौरस मीटरपर्यंत सिमेंटची जमीन करून दिली. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी त्या घरांची तुलना शेजारच्या शहरातील घरांशी केली व २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. घरातील सर्व मातीची जमीन पक्की झाली तर मुलांमधील जंतांचा प्रादुर्भाव ७८ टक्क्यांनी, अतिसार ४९ टक्क्यांनी आणि रक्तक्षय ८१ टक्क्यांनी कमी होतो, असे त्यांना आढळले. म्हणून जुन्याचा अभिमान बाळगताना, ज्याच्या घरी अजून मातीची भुई आहे त्याला ‘तीच बरी’ असे पक्क्या घरात बसून सांगू नये.

वाड्यांची गोष्ट वेगळी. जुन्नर शहरात, ओतूर, घोडेगाव, मंचर येथे सावकार, देशमुख, कुलकर्णी यांचे वाडे होते. त्यांच्या चौकात काळ्या दगडाची फरसबंदी आणि माडीवर वा न्हाणीत चुनेगच्ची असे. चुनखडी भट्टीत भाजावयाची, विरवावयाची, मग बैलाच्या घाणीत वाळू घालून दळावयाची. चुना चिवट व्हावा म्हणून गूळ, बेलफळाचा गर व हिरड्याचे पाणी घालण्याची रीत होती. हिरडा तर आपल्या पश्चिम पट्ट्याचे पीक. आजही आदिवासी बांधव तो गोळा करून विकतात. चुनेगच्ची थापीने ठोकून ठोकून, ओल राखून करावी लागते. तिला वेळ हवा, आणि वेळ म्हणजे मजुरी. म्हणून ती सामान्याच्या घरी आली नाही.

सामान्याच्या घरी आली ती शहाबादी. हिचे गाव कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्यात. शहाबाद, वाडी या परिसरात जमिनीखाली चुनखडकाचे पापुद्र्यासारखे थर आहेत. पहार घातली की वहीच्या पानासारखा दगड सुटतो. करवत लावावी लागत नाही, आणि हीच तिच्या स्वस्ताईची किल्ली होय. आपल्याकडील काळा दगड लाव्हारसाचा. तो असा थराथराने सुटत नाही, त्याची एक फरशी घडवावयास पाथरवटाचा दिवस मोडतो. गंमत अशी की भूगर्भशास्त्रज्ञ शहाबादच्या त्या खडकांना ‘भीमा समूह’ म्हणतात, कारण ते भीमेच्या खोऱ्यात आहेत. भीमा उगम पावते आपल्या भीमाशंकरला! नदी येथून तिकडे गेली आणि दगड तिकडून येथे आला.

दगड आला तो आगगाडीने. मुंबईहून पुणे, सोलापूरमार्गे रायचूरपर्यंतची रेल्वे १८७१ साली पूर्ण झाली व शहाबाद त्याच मार्गावर पडले. त्यानंतर पुण्यामुंबईकडे ही फरशी येऊ लागली. आपल्या तालुक्यांना आजवर रेल्वे नाही. तेव्हा पुण्याहून नारायणगावच्या रस्त्याने आधी बैलगाड्यांत व पुढे ट्रकमध्ये ती आली. साहजिकच सडकेजवळच्या गावांत आधी, डोंगराकडच्या गावांत दोन पिढ्यांनी. पहिल्या फरश्या घरभर बसल्या नाहीत. आधी मोरी, मग चुलीपुढची जागा, मग ओटा आणि सर्वांत शेवटी माजघर, असा क्रम बहुतेक घरांत दिसतो. जेथे पाणी तेथे दगड, हा त्यामागचा व्यवहार.

शहाबादी बसविणे हे कसबाचे काम आहे, आणि चांगला गवंडी कोण हे बसविल्यावर नव्हे, दोन पावसाळ्यांनंतर कळते. खालचा मुरूम पाणी मारून, ठोकून पक्का झालेला हवा. तो घाईने भरला तर वर्षात जमीन बसते आणि फरशीचे कोपरे वर येतात. दोरी बांधून, पाणसळ लावून पातळी घ्यावयाची, पण अगदी सपाट करावयाचे नाही. मोरीकडे किंवा दाराकडे किंचित ढाळ ठेवावयाचा. चुन्याचा अथवा सिमेंटचा माल फरशीच्या संपूर्ण अंगाखाली पसरावयाचा. चार कोपऱ्यांवर चार गोळे ठेवून फरशी टेकविली की काम लवकर उरकते, पण मध्ये पोकळी राहते आणि जड कणगी ठेवताच फरशी तडकते. बसविलेल्या फरशीवर थापीच्या दांड्याने टकटक करावे. भरीव आवाज आला तर ठीक, ‘बद्द’ आवाज आला तर त्याच वेळी उचलावयास सांगावे. दुसऱ्या दिवशी सांगितले तर गवंडी रागावतो, आणि त्याचेही बरोबर असते. शेवटी दर्जा भरून आठवडाभर पाणी मारावयाचे.

शहाबादी घेताना दोन बोटे जाडीची, सारख्या रंगाची, टकटक केल्यावर खणखणणारी निवडावी. पापुद्रा सुटत असेल ती बाजूला काढावी. हा दगड चुन्याचा आहे हे कधी विसरू नये. लिंबू, चिंच, ताक सांडून राहिले की त्याची चमक जाते, आणि डाग काढावयास बाजारातले ॲसिड ओतले तर दगडच फसफसून खाल्ला जातो. संगमरवराचेही तेच, कारण तोही मुळात चुनखडकच. रोज अभिषेकाचे दही, पंचामृत सांडते अशा ठिकाणी संगमरवर घालणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. ज्येष्ठात हवा दमट झाली की शहाबादीला ‘घाम’ येतो. ती ओल खालून आलेलीच असते असे नाही. थंड दगडावर हवेतील बाष्प जमते, तांब्यातल्या गार पाण्यामुळे तांब्या बाहेरून ओला होतो तसेच. दारे-खिडक्या उघडल्या की ती जाते.

सिमेंटचा इतिहास थोडक्यात सांगतो. कोबा आला, त्यात लाल रंग घालून घोटलेला लाल कोबाही आला. शहरात मोझाइक टाइल्स आल्या. सुरुवातीस श्रीमंतांकडे विलायतेच्या मिंटन टाइल्स असत. १९२२ साली फिरोजशा सिधवा यांनी स्वदेशीच्या भावनेने सिमेंटच्या फरश्या करण्याचा ‘भारत टाइल्स’चा कारखाना काढला, तेव्हापासून देशी नक्षीच्या फरश्या मिळू लागल्या. खेड्यात मात्र सिमेंटच मिळावयास मारामार. १९८२ साली नियंत्रण अंशतः सैल होईपर्यंत परमिटाशिवाय पोते मिळत नसे, व ते पूर्ण उठले १९८९ साली. आपल्याकडील कित्येक घरांच्या ओट्यावर अर्धा कोबा व अर्धी माती दिसे, ती पोती संपल्याची खूण.

कुकडी प्रकल्पाची धरणे झाली, येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. पूर्वेकडे पाणी गेले, ऊस, कांदा, द्राक्षे, टोमॅटो पिकू लागले आणि पैशाबरोबर घरे पक्की झाली. ज्यांची गावे पाण्याखाली गेली त्यांची कथा निराळी. डिंभे धरणात जुने आंबेगाव बुडाले, ज्याच्या नावाने आपला शेजारचा तालुका आहे तेच गाव! गाव उठते तेव्हा माणसे वासे काढतात, दारे काढतात, कौले उतरवतात, जोत्याचे घडीव दगडही गाडीत घालतात. शहाबादी असेल तर तीही उचलता येते. पिढ्यान्‌पिढ्या सारवलेली भुई तेवढी नेता येत नाही. डिंभ्याच्या लाभाचे पाणी वापरणाऱ्या आपण सर्वांनी हे स्मरणात ठेवावे.

अलीकडच्या पंचवीस-तीस वर्षांत गुजरातेतील मोरबीच्या टाइल्सनी सर्व चित्रच बदलले. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्कासुद्धा पाणी शोषत नाही. डाग पडत नाही, पुसावयास सोपी, रंग हवा तो. दोष हा की जी पाणी पीत नाही ती सिमेंटही नीट धरीत नाही. म्हणून तिला साध्या मालाऐवजी चिकटविण्याचा खास मसाला लागतो, दोन-तीन मिलिमीटरची फट आणि भिंतीकडेला थोडी मोकळीक ठेवावी लागते. ‘फट दिसते, घाण साचते’ म्हणून ती घट्ट भिडवून बसविली की चैत्र-वैशाखात तापून फुगते आणि एखाद्या दुपारी आवाज करून तंबूसारखी उठते. असे उठलेले दिवाणखाने आपल्याच गावात दोन-तीन आहेत.

याहून गंभीर गोष्ट जुन्या घरांची. मातीच्या मालात बांधलेल्या, पांढरीच्या भिंतींच्या घरात जमिनीतली ओल पूर्वी भुईतून हळूहळू उडून जाई. सगळीकडे टाइल्स आणि बाहेर अंगणातही सिमेंट झाले की त्या ओलीला वाट उरते ती भिंतीची. कंदिलाच्या वातीत तेल चढते तशी ती भिंतीत चढते. दोन-तीन हातांवर पोपडे येतात, लोणा फुटतो, तुळईच्या टोकाला वाळवी लागते. मालक वरून सिमेंटचा गिलावा करतो, तेव्हा ती आणखी वर चढते. ज्यांची घरे अशा भिंतींची आहेत त्यांनी भिंतीलगत वीतभर पट्टी मुरमाची किंवा चुन्यात बसविलेल्या दगडाची मोकळी ठेवावी आणि पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून दूर काढून द्यावे. टाइल्स नंतरही घालता येतील.

देवळालाही हाच न्याय. त्यात आणखी एक भर पडते, ती म्हणजे चढत जाणारी जमीन. जुनी फरशी उकलण्याचा त्रास नको म्हणून तिच्यावरच नवी घालण्याची सवय सर्वत्र आहे. प्रत्येक थर दोन-तीन इंचांचा. तीन पिढ्यांत तीन थर झाले की खांबांच्या बैठका बुडतात, उंबरा जमिनीशी येतो आणि सभामंडप धुतल्यावर पाणी दाराकडे न जाता गाभाऱ्यात शिरते. पंढरपूरच्या श्रीविठ्ठल मंदिरात २०२४ साली संवर्धनाचे मोठे काम निघाले. त्यासाठी मार्चच्या मध्यापासून जूनच्या आरंभापर्यंत पदस्पर्शदर्शन बंद ठेवावे लागले. मंदिराला मूळ दगडी रूप यावे म्हणून मागाहून बसविलेल्या फरश्या काढण्यात आल्या. त्याच कामात, मेच्या अखेरीस, हनुमान दरवाजाजवळ जमिनीचा दगड खचलेला दिसून खाली तळघर सापडले व त्यातून जुन्या मूर्ती निघाल्या. एका पिढीने भक्तिभावाने घातलेली फरशी दुसऱ्या पिढीला खर्च करून काढावी लागते, याचे याहून मोठे उदाहरण कोठे शोधावे?

शिवाय देवळात माणूस अनवाणी येतो. दुकानातला नमुना आपण जोडा घालून आणि कोरडा पाहतो. काळ्या ग्रॅनाइटची प्रदक्षिणेची वाट वैशाखात पाय भाजते. घोटलेल्या टाइलवर तेल-पाणी सांडले की काठी टेकीत येणारी आजी घसरते, आणि त्या वयात मोडलेले खुब्याचे हाड माणसाला अंथरुणाला खिळवते. म्हणून उघड्या जागेत फिकट रंगाचा, खरखरीत दगड चांगला. जुना दगड पायांनी गुळगुळीत झाला असेल तर तो काढून टाकण्याचे कारण नाही. पाथरवटाकडून टाकी लावून घ्यावी. जात्याला लावतात तशीच.

आता देणगीदारांच्या नावांविषयी, कारण या प्रश्नावरही बैठकीत आवाज चढले होते. पंख्याच्या पात्यावर नाव घालणारे दाते आपण पाहतो. पंखा बंद असेल तेव्हाच त्यांचे पुण्य वाचता येते! फरशीवर नाव घालण्यामागे पुष्कळदा निराळी भावना असते. पंढरीच्या महाद्वारातील नामदेवांची पायरी सर्वांना ठाऊक आहे. संतांच्या चरणांची धूळ आपल्या माथी लागावी ही त्यांची इच्छा होती, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. त्या भावनेने कोणी पायरीवर नाव घातले तर त्याला हसू नये. पण आपल्या वडिलांचे नाव श्रीरामाच्या वा विठ्ठलाच्या नावावरून ठेवलेले असते, आणि ते पायाखाली आलेले अनेकांना रुचत नाही. शिवाय फरशी झिजते व नाव पुसते. जुन्नरच्या धान्य व्यापाऱ्यांनी आपले नाव भिंतीवर कोरले म्हणून ते दोन हजार वर्षे वाचता आले. समितीने नावे एकाच दगडी पाटीवर, पश्चिमेच्या भिंतीत, रकमेच्या क्रमाने न लावता अकारविल्हे घालावयाचे ठरविले, हे मला योग्य वाटते.

दुरुस्तीविषयी थोडे सांगून लेख पुरा करतो. मातीच्या भुईला खड्डा पडला तर सिमेंट भरू नये. कडेने फट पडून ते निखळते. पोपडे खरवडून, पाणी शिंपडून त्याच जातीच्या मातीने भरावे आणि चोपावे. कोब्याची भेग वरवर लिंपून बुजत नाही. ती छिन्नीने खोल व रुंद करून, धुऊन, मग भरावी. शहाबादी हलू लागली तर वरून सिमेंटचे पाणी ओतण्याने काही होत नाही. फरशी पहारीने अलगद उचलावी, खालचा भुगा झाडून काढावा, जागा ओली करावी व ताज्या मालात पुन्हा बसवावी. तुटलेल्या फरशीच्या जागी शक्यतो जुनीच घ्यावी. नव्या दगडाचा रंग जुळावयास वर्षे जातात.

आपल्या सभामंडपाचे काम याच रीतीने झाले आहे. वरचा टाइल्सचा थर काढला, खालच्या शहाबादी फरश्या क्रमांक घालून उचलल्या, मुरूम नव्याने ठोकला, ढाळ दाराकडे घेतला आणि त्याच फरश्या पुन्हा बसविल्या. ज्या फुटल्या त्यांचे तुकडे भांडी घासण्याच्या ओट्याला वापरले. संगमरवरासाठी आलेली रक्कम दात्यांच्या संमतीने पाण्याच्या टाकीकडे वळविली आहे. गवंड्यांनी सांगून ठेवले आहे की दर्जा भरून झाल्यापासून सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारावयाचे आणि तोवर मंडपात खांब रोवावयाचे नाहीत. तेव्हा सप्ताहाचा मांडव घालणाऱ्या तरुण मंडळींनी तो अंगणातच घालावा, ही विनंती.